सगळ्यात मागची सायकल

बाई, "चढावर एकदा उतरलं की पाय फितूर होतात," असं तुम्ही आम्हाला पनवेलच्या पुढच्या पहिल्याच चहाला सांगितलं होतं. तुम्ही बशीत चहा ओतत होतात आणि आम्ही तिघी एकमेकींच्या पँटींकडे बघून हसू दाबत होतो. "थांबा, एक पाय टेकवा, पाणी प्या, हवं तर घाटाला शिव्या द्या. पण सायकल हातात धरून चालायचं नाही." आपल्यातल्या टेलिफोन ऑपरेटरने लगेच विचारलं, "बाई, रडलं तर चालेल?" तुम्ही म्हणालात, "चालेल. पण सीटवर बसून." त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली. परवाच्या रविवारी तेच वाक्य माझ्या घरात पुन्हा बोललं गेलं, आणि ते ऐकून मी साखर आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. ओट्याला टेकून उभी असताना वाटलं, हे कुणाला तरी सांगायला हवं. मग लक्षात आलं, ज्याला सांगता येईल असं माणूस एकच होतं, आणि ते तुम्ही.

तुम्ही शाळेत भूगोल शिकवायचात, मी खालच्या वर्गांना मराठी. वाशी तेव्हा अर्धीच होती. खाडीवरचा पूल झालेला, ठोकळ्यांसारख्या एकसारख्या इमारती उभ्या राहिलेल्या, मधल्या रिकाम्या जागांत कमरेएवढं गवत, आणि संध्याकाळी वारा फिरला की मिठागरांचा खारट वास थेट वर्गापर्यंत यायचा. रस्ते मात्र रुंद होते आणि ओस. "माणसांच्या आधी रस्ते आलेत," तुम्ही म्हणायचात, "वापरून घ्या, नंतर मिळायचे नाहीत." ते अगदी खरं झालं. तुमच्या घरासमोर जिथे आपण सायकली उलट्या करून चेनला तेल घालायचो, तिथे आता चार मजली सोसायटी आहे आणि तिच्या फाटकावर 'आपले वाहन येथे लावू नये' अशी पाटी आहे. तुमचं घर तळमजल्यावर, मागे हातभर अंगण. घरात खुर्च्या दोन. दुसऱ्या खुर्चीवर कायम वह्यांचा गठ्ठा. मी आले की तुम्ही तो उचलून जमिनीवर ठेवायचात, आणि मी फाटकापर्यंत पोचायच्या आत तो परत खुर्चीवर गेलेला असायचा. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता माझ्याही घरात एक खुर्ची इस्त्रीच्या कपड्यांची झाली आहे.

मी तिशी ओलांडलेली, आईबरोबर राहणारी, लग्नाच्या यादीतून हळूहळू बाद झालेली. शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी सगळे जरा जास्तच गोड बोलायचे. तुम्ही तसं बोलला नाहीत. एकदा मधल्या सुट्टीत विचारलंत, "सायकल येते?" मी म्हटलं, "लहानपणी यायची." "मग येते," तुम्ही म्हणालात आणि डबा उघडलात. इतकंच. ऑपरेटर तुमच्या वरच्या मजल्यावर राहायची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, कोकणातली, बोलायला लागली की फोन ठेवतच नाही असं वाटायचं. नर्स दिघ्याची, तिचं घर मराठवाड्यातून कारखान्याच्या कामासाठी आलेलं. ती मुलांना लस टोचायला शाळेत आली आणि पन्नास रडणाऱ्या पोरांना एकटीने गप्प करून गेली, म्हणून तुम्ही तिला फाटकाबाहेर गाठलंत. "घाटात सायकल चालवणार का?" असं अनोळखी बाईला विचारणारी बाई मी तुमच्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

त्या पँटी तुम्हीच शिवल्यात. तुमच्या स्वयंपाकघरात, हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर, खाकी जाड कापडाच्या. स्टोव्हवर डाळ शिजतेय, तुमच्या तोंडात टाचण्या आहेत आणि मी भिंतीला पाठ लावून उभी आहे. तुम्ही टेप घेऊन माझ्या पायाचं माप घेताय आणि मला कुठे बघावं ते कळत नाही, कारण आई सोडली तर माझ्या अंगाला कुणी असा सहज हात लावला नव्हता. "अंग चोरू नकोस," तुम्ही टाचण्यांमधून म्हणता, "घाटात फाटेल." घरी मी ती पँट उशीच्या अभ्र्यात लपवली होती. आईला सापडलीच. ती बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिली आणि म्हणाली, "शिवण पक्की आहे हो. कुणी शिवली?" एवढ्यावर माझी परवानगी झाली. माझ्या आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात चांगली भेट म्हणजे ती पँट. आता बसत नाही, पण टाकवत नाही.

आपला क्रम ठरलेला होता. नर्स पुढे, मग ऑपरेटर, मग मी आणि सगळ्यात मागे तुम्ही. "मागे एक शहाणं माणूस लागतं," असं तुमचं स्पष्टीकरण. मुक्काम गावच्या शाळेत. कुठल्या ना कुठल्या गुरुजींची तुमची ओळख निघायचीच, आणि झोपायला जागा दिली म्हणून सकाळी निघायच्या आधी आपण तिथल्या मुलांचा एक तास घ्यायचो. नर्स नखं तपासायची, ऑपरेटर 'नंबर सांगा, नंबर सांगा' करत पाढे म्हणून घ्यायची, आणि तुम्ही मुलांना विचारायचात, "तुमच्या गावचा ओढा पुढे कुठे जातो?" पोरं सांगायची, नदीला. "आणि नदी?" इथे पोरं गुरुजींकडे बघायची. रस्त्यावर आपण एकत्र कमीच असायचो. चौघींमध्ये एकेका वळणाचं अंतर पडायचं. म्हणून तुमचा तो फांदीचा नियम. जिथे वाट फुटेल तिथे पुढचीने चुकीच्या वाटेवर फांदी आडवी टाकायची. मागचीला कळतं, इकडे नाही. आणि फांदी अडुळशाची नाहीतर निरगुडीची. का, तर शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत. आम्हा शहरातल्या मुलींना अडुळसा म्हणजे खोकल्याचं औषध, बाटलीतलं. तुम्ही पेणच्या अलीकडे सायकली थांबवून झुडूप दाखवलंत, पान चुरगळून आमच्या नाकाशी धरलंत. नर्स म्हणाली, "बाई, परीक्षा आहे का ह्याच्यावर?"

त्या दिवाळीच्या सुट्टीत आपण महाडहून वरंध घाट चढलो. त्या दिवसाचा आवाज माझ्या कानात अजून आहे, म्हणजे आवाजच नव्हता तो. खालची गावं संपली, गवत पिवळं पडायला लागलेलं, कातळावरून पाण्याच्या बारीक रेघा. माझ्या सायकलची चेन कुरकुरतेय, माझा श्वास, आणि मधेच वरच्या झाडीत वानरांची एक उडी. पुढची दिसत नाही, मागची दिसत नाही. एवढा मोठा डोंगर आणि त्यात माझा एक पाय खाली, एक वर. मला भीती वाटायची आणि ती आवडायचीही. भीतीत एकच आधार होता, मागे बाई आहेत. आपण पडलो तर त्या येऊन पोचतील. घाटात मी कितीदा मनात म्हटलं असेल, मागे बाई आहेत.

घाटमाथ्यानंतर रान आणखी दाट झालं. एका ठिकाणी रस्ता फुटला. वरची वाट चढून गावाकडे जाणारी, जिथल्या शाळेत आपला मुक्काम. खालची नदीकडे उतरणारी, जास्त रुंद, जास्त वापरातली दिसणारी. मी पोचले तेव्हा खालच्या वाटेवर फांदी पडलेली होती. मी वर वळले. शाळेत गुरुजींच्या बायकोने चहा ठेवला, आम्ही तिघींनी बूट काढले, ऑपरेटरने पायाचे फोड दाखवले, आणि चहा झाला तरी तुम्ही आला नाहीत. नर्स म्हणाली, "येतील गं. एखाद्या झाडाचं नाव लिहून घेत असतील. तू कशाला टेन्शन घेते?" ऊन अजून बरंच होतं. तरी मी परत निघाले.

फाट्यावर एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. वाटेवर फांदी नव्हती, एक सोललेली काडी होती आणि एक शेळी तीही चघळत होती. मी विचारलं तर म्हातारी म्हणाली, "आपट्याची डहाळी व्हती न्हवं? शेरडांनी खाल्ली. म्या म्हनलं, वाटंवर सोनं कुनी टाकलं?" मला हसूच आलं. नर्सने अडुळसा शोधायचा कंटाळा केला होता. दसरा नुकताच होऊन गेलेला, हाताशी आपटा दिसला, तोच तोडून टाकला. मी विचारलं, "मागून एक बाई आल्या का, सायकलवर?"

"आली की. खाली गेली नदीकडं. पर सायकलवर न्हवती. चालत आली, सायकल हातात धरून. लई धाप लागली व्हती. त्या धोंड्यावर बसली, पानी पेली, मग उतारावर सायकलीवर बसून गेली."

मी म्हटलं, "मग त्या दुसऱ्या कुणी असतील आजी. आमच्या बाई चालत नाहीत."

"का? पायाला चाकं हायती व्हय?"

उतार सरळ नदीपर्यंत होता. तुम्ही पाण्याच्या कडेला बसला होतात. सायकल स्टँडवर नीट उभी, बूट काढून शेजारी ठेवलेले, मोजे बुटात खोचलेले. लांबून वाटलं, बाई मजेत बसल्यात. जवळ आले तर तुमचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. दिवाळीत कुठली जांभळं? तुमचा एक हात छातीशी होता. मला बघून तो तुम्ही खाली घेतलात, मग पुन्हा वर नेलात, कारण उपयोग नव्हता हे तुम्हाला कळलं होतं.

"तू कशाला आलीस?"

"चहा गार झाला. बाई, पंक्चर झालं का?"

"सायकल नाही, मी झालेय." मग तुम्ही वरच्या वाटेकडे मान वळवलीत. "फांदी दिसली नाही, खाली उतरले. उतार होता, बरं वाटलं. आता वर जाता येत नाही."

तुम्ही ते असं सांगितलंत जसं वर्गात सांगायचात, ही नदी पूर्वेला वाहते. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, तो गेला तो हृदयाची झडप खाऊन गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, जिने चढू नका. म्हणून तळमजल्याचं घर. "घाट चढू नका असं नाही म्हणाले ते," तुम्ही म्हणालात, "त्यांच्या डोक्यातच आलं नसेल बिचाऱ्यांच्या." आणि तुम्ही हसलात, आणि हसताना पुन्हा हात छातीशी गेला. म्हणजे प्रत्येक घाटात, प्रत्येक चढावर तुम्ही उतरत होतात. वळण दिसेपर्यंत सायकल हातात धरून चालायचं, थांबायचं, चालायचं, आणि आम्ही पलीकडे थांबलो असू असं वाटलं की घाम पुसून सीटवर बसायचं. म्हणून तुम्ही मागे. म्हणून नर्स सगळ्यात पुढे. "तिने एकदा माझे ओठ जवळून बघितले की संपलं," तुम्ही म्हणालात. "ती हुशार आहे."

मी चिडले होते, बाई. भीतीने चिडले होते. "मग आम्हाला का ओरडता? उतरायचं नाही, उतरायचं नाही!"

"तुम्हाला काय धाड भरलीय? तुमच्या झडपा ठणठणीत आहेत. मी उतरते म्हणून तुम्हीही उतरायचं?"

"मी त्यांना सांगणार आहे."

तुम्ही मोजे घालायला लागलात, सावकाश. "सांग. मग काय होईल ते मी सांगते. नर्स गोळ्या देईल. ऑपरेटर रडेल. मुख्याध्यापक माझी सायकल शाळेच्या अडगळीत ठेवतील आणि किल्ली खिशात. तुम्ही सगळ्या मिळून मला प्रेमाने घरी बसवाल. आणि माझ्या घरी कोण आहे गं?"

मला तुमची ती दुसरी खुर्ची दिसली. मी म्हटलं, नाही सांगत. तुम्हाला तेवढं पुरलं नाही. "मी असताना नाही, आणि मी गेल्यावरही नाही. तेव्हा तर मुळीच नाही. तेव्हा मला उलटून बोलता येणार नाही."

वर यायला आपल्याला खूप वेळ लागला. मी माझी सायकल वळणापर्यंत न्यायची, ठेवायची, खाली येऊन तुमची न्यायची, आणि तुम्ही मधे झाडाला हात लावत लावत येत होतात. कुठल्या झाडाला हात लावलात त्याचं नाव सांगत होतात, मला घाबरवायचं नाही म्हणून. हा हिरडा. ही अंजनी. म्हातारी वरून ओरडून विचारत होती, "घावली का गं तुजी बाई?" गाव दिसायला लागलं तशा तुम्ही थांबलात, तोंड पुसलंत, केसांवरून हात फिरवलात, सीटवर बसलात. मला म्हणालात, "तू पुढे हो." मी पुढे झाले. शाळेच्या अंगणात शिरताना माझ्या मागे तुमची घंटी वाजली, दोनदा, रुबाबात. ऑपरेटर ओरडली, "बाई, आमी तर पोलिसांत वर्दी द्यायला निघालो होतो! रस्ता चुकलात काय?" तुम्ही म्हणालात, "चुकतेय कशाला? नदी बघून आले." मग नर्सकडे वळून, "आणि तू गं? आपटा टाकतेस? शेळ्यांना दसरा करायला घातलास?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मला आठवतंय, हसताना मला पहिल्यांदा वाटलं, मी ह्यांच्यात नाहीये. त्या तिघी एका बाजूला आणि मी दुसऱ्या. नाही, त्या दोघी एका बाजूला. तुम्ही कुठे होतात ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी मी हळू चालवायला लागले. वळणावर थांबायची, बुटाची नाडी सोडायची, बांधायची. पुढच्या दोघींनी मला 'म्हातारी' नाव ठेवलं. "म्हातारे, काठी आणू का?" "म्हातारीला सायकल नको, बैलगाडी बघा!" मी ऐकून घ्यायची, मला त्यात कसलं तरी समाधान मिळायचं. तुम्हाला ते एका दिवसात कळलं. भोरच्या बाजूला एका टपरीवर त्या दोघी भजी घ्यायला उठल्या, तेवढ्यात तुम्ही मला झापलंत. आवाज न चढवता, त्यामुळे जास्तच लागलं. "माझ्यासाठी दमू नकोस. खोटं दमलेलं मला कळतं, मी खरं दमलेली आहे. तू अशी घुटमळत राहिलीस की मला वळणावर तू दिसतेस, आणि तू दिसलीस की मला सीटवर बसावं लागतं. मला निवांत चालू तरी दे." मी रडले. तुम्ही माझ्या पुढ्यात तुमचा चहा सरकवलात. दुसऱ्या दिवशी मी जोरात निघाले, इतकी जोरात की ऑपरेटरला मागे टाकलं, आणि घाटात मला मागे काहीच ऐकू आलं नाही. मागे बाई आहेत, असं म्हणायची सवय होती. त्या दिवशी मी म्हटलं, मागे बाई चालतायत. आणि पायडल मारत राहिले.

नंतरच्या मे महिन्यात तुम्ही गेलात. मी आईला घेऊन गावी गेले होते. परत आले तर सगळं उरकलेलं. ऑपरेटरने सांगितलं, सकाळी दुधाच्या केंद्रावर तुम्ही कार्ड घेऊन आला नाहीत, म्हणून ती मागच्या अंगणातून बघायला गेली. तुम्ही खुर्चीत होतात. "अगदी अचानक गं," ती म्हणत होती, "एवढी ठणठणीत बाई! कुणाला खरं वाटेल?" शाळा उघडल्यावर शोकसभा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, बाईंचं काळीज पोलादाचं होतं, त्या घाटातसुद्धा कधी सायकलवरून उतरल्या नाहीत. नर्स आणि ऑपरेटर माझ्या दोन्ही बाजूंना बसून माना डोलावत रडत होत्या, आणि मी मधे कोरडी. मला वाटलं, तुम्ही मागच्या बाकावर असतात तर तोंडाला पदर लावून हसला असतात. पण मागच्या बाकावर शिपाईमामा होते.

मग सगळं पांगलं. नर्स आखातात गेली. ऑपरेटरचं लग्न झालं, नाशिकला गेली. आई गेली. मी एकटी दोनदा निघाले, एकदा पनवेलपर्यंत, एकदा महाडपर्यंत. घाटाच्या पायथ्याशी गेले आणि परत फिरले. मागे कुणी नसताना तिथे वर जाववेना.

परवाच्या रविवारी त्या दोघी इतक्या वर्षांनी माझ्याकडे आल्या होत्या. नर्स महिन्याच्या रजेवर आलीय, अंगाने भरलीय, सोन्याच्या बांगड्या. ऑपरेटरबरोबर तिची मुलगी, सातवीतली. नर्सने येताच जाहीर केलं, ह्या दिवाळीत वरंध. बाईंच्या नावाने. ऑपरेटर म्हणाली, "मला क्रेनने चढवा मग." नर्स म्हणाली, "अजिबात नाही. चढावर उतरलं की पाय फितूर होतात. बाई कधी उतरल्या का?" मग माझ्याकडे बघून, "म्हातारे, तूसुद्धा नाही हां!" तेव्हा मी साखर आणायला उठले.

मुलगी माझ्या मागोमाग आत आली. डब्यांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, त्या बाई खरंच कधीच उतरल्या नाहीत?"

"का गं?"

"आई सारखं सांगते. मला चढावर दम लागतो, मी उतरते. मग आई म्हणते, आमच्या बाई बघ, पन्नाशीच्या होत्या. म्हणून मी आता सायकल काढतच नाही."

मी म्हटलं, "मी पुढे असायचे, बाई मागे. मागचं मला दिसायचं नाही." एक दिवस सोडला तर हे खरंच होतं.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

बाई, चार दिवस मी स्वतःला समजावतेय की ह्या पोरीसाठी तरी सांगायला हवं. तिला कळू दे की ज्या बाईंचं नाव घेऊन तिला टोचतात, त्या बाई प्रत्येक चढावर उतरत होत्या आणि तरी माथ्यावर पोचत होत्या. हे म्हणायला चांगलं वाटतं. तुम्हालाही कदाचित पटेल. पण तुमच्यापुढे खोटं दमून चालत नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. सुरुवातीला मला ते गुपित फार आवडलं होतं. तुम्ही ते मला दिलं नव्हतं, शेळ्यांनी दिलं होतं, हे माहीत असूनही मी ते तुम्ही मलाच दिल्यासारखं जपलं. त्या दोघी तुमच्याबद्दल बोलायला लागल्या की मी मनात म्हणायची, तुम्हाला काय माहीत. पण त्या दोघींना बोलता येतं. त्यांच्या बाई एकच आहेत, न थकणाऱ्या, आणि त्यांच्या गोष्टी सांगताना त्या एकमेकींच्या मांडीवर थापा मारून हसतात. माझ्या बाई झाडाला हात लावत लावत चढतात, आणि त्यांच्याबद्दल बोलायला मला कुणीच नाही. तुम्ही गेलात तेव्हा सगळ्या एकत्र रडल्या आणि मला रडता आलं नाही, कारण त्या ज्या बाईंसाठी रडत होत्या त्या माझ्या ओळखीच्या नव्हत्या.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तरी परवानगी मात्र तुमचीच लागेल. दिवाळीत आम्ही निघू. मी म्हटलंय, सगळ्यात मागे मी राहीन. माथ्यावर पोचलो की त्या दोघींना आणि त्या मुलीला बसवून एकदाच सगळं सांगू द्या मला. तुम्ही गेल्यावरही नाही म्हणाला होतात, आठवतंय. आताही नाहीच म्हणाल. तरी विचारते, बाई. सांगू?